आईची उदासी: जीवनसत्त्वांची कमतरता की नैराश्य, आधी उपचार कशावर करावेत?

प्रश्न

माझ्या आईचे वय ७६ आहे. वडील जाऊन चौदा महिने झाले. सुरुवातीचे तिचे रडणे, रात्री जागणे, त्यांच्या वस्तू पुन्हा पुन्हा आवरत बसणे हे सारे आम्हाला समजत होते आणि त्यात काही वावगेही वाटत नव्हते. पण गेल्या पाच-सहा महिन्यांत रडणे थांबले आणि त्याच्या जागी एक प्रकारचा निर्विकारपणा आला. जेवायला बसते, दोन-चार घास खाते आणि ‘आता पुरे’ म्हणून उठते. पूर्वी रोज संध्याकाळी फिरायला जाणारी आई आता खोलीतून बाहेर यायलाही कंटाळते. नातवंडांचे फोन आले तरी ‘सांग, झोपली आहे’ म्हणते. वर्षभरात तिचे वजन ५८ किलोवरून ५१ किलोवर आले आहे. जिभेची आग होते आणि पावलांना मुंग्या येतात, असेही ती अधूनमधून सांगते.

तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी ती मेटफॉर्मिन घेते. आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी आठ वर्षांपासून रोज चालू आहे. ती शाकाहारी आहे. गेल्या आठवड्यात केलेल्या रक्ततपासणीत जीवनसत्त्व बी-१२ हे १६८ पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर आणि जीवनसत्त्व ड हे १४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर आले. हिमोग्लोबिन मात्र १२.३ आहे आणि तांबड्या पेशींचा आकारही नेहमीसारखाच आहे.

नेहमीच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने लिहून दिली आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या असेही सांगितले. माझ्या भावाचे म्हणणे असे, की कारण रक्ततपासणीत सापडलेच आहे, तर तीन महिने फक्त जीवनसत्त्वे देऊ आणि मग पाहू. मनाची औषधे एकदा सुरू झाली की सुटत नाहीत. मला त्याचे म्हणणे पूर्ण पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतके ज्ञानही माझ्याजवळ नाही. हिमोग्लोबिन चांगले असताना बी-१२ ची कमतरता खरोखर इतका परिणाम करू शकते का, आणि तीन महिने थांबणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (वृद्धांवर उपचार करणारी डॉक्टर)

ताई, आपण इतका नेमका तपशील दिला आहे की त्यातूनच बरीचशी उत्तरे निघतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून लिहिते.

आधी हिमोग्लोबिनचा मुद्दा घेऊ, कारण त्यावर विसंबून अनेक रुग्णांचे निदान लांबलेले मी पाहिले आहे. बी-१२ कमी झाले की रक्तक्षय होणारच आणि तांबड्या पेशी मोठ्या दिसणारच, असा समज फार जुना आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचे किंवा मनाचे विकार झालेल्या १४१ रुग्णांची नोंद होती आणि त्यांपैकी ४० जणांमध्ये रक्तक्षय किंवा मोठ्या पेशी यांपैकी काही तरी आढळलेच नव्हते. तेव्हा आपल्या आईंचे हिमोग्लोबिन १२.३ आहे म्हणून पावलांच्या मुंग्या आणि जिभेची आग यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. मधुमेहानेही पायांच्या नसा बिघडतात, त्यामुळे मुंग्यांचे सारे श्रेय बी-१२ ला देणे घाईचे होईल. परंतु ज्याचा इलाज सोपा आहे ते कारण आधी दूर करावे.

आता ही कमतरता कधीची, याचा विचार करा. अन्नातले बी-१२ हे प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पाचकरस ते सुटे करतात, मग जठराच्याच भिंतीतून स्रवणारा एक विशिष्ट घटक त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषले जाते. वाढत्या वयात अनेकांच्या जठराचे अस्तर क्षीण होते आणि आम्ल कमी पडते. आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने त्यात भर पडते, आणि मेटफॉर्मिन आतड्यातील शोषणात अडथळा आणते. आपल्या आईंच्या बाबतीत हे सारे एकत्र आले आहे. शिवाय यकृतात बी-१२ चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे पाच-सहा महिने कमी खाल्ल्याने ते इतके खाली येत नाही. म्हणजे बी-१२ ची घसरण बहुधा वडील हयात असतानाच सुरू झालेली होती. जीवनसत्त्व ड चे मात्र उलट असू शकते. ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते, म्हाताऱ्या त्वचेची ती क्षमता मुळातच कमी झालेली असते, आणि आई गेले काही महिने बाहेरच पडलेल्या नाहीत. एक कमतरता उदासीच्या आधीची आणि दुसरी कदाचित उदासीतून आलेली, असे हे चित्र मला दिसते. म्हणूनच ‘कमतरता की नैराश्य’ असा एक पर्याय निवडण्याचा प्रश्न इथे लागू पडत नाही.

बी-१२ आणि फोलेट (हेही ब गटातलेच एक जीवनसत्त्व) हे दोघे मिळून शरीरात मिथिल गट हा छोटा रासायनिक घटक पुरवण्याचे काम करतात आणि मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांच्या घडणीशी त्या कामाचा संबंध आहे. शारीरिकदृष्ट्या दुर्बल झालेल्या वृद्ध स्त्रियांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बी-१२ ची कमतरता असलेल्यांमध्ये तीव्र नैराश्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली होती. तेव्हा संबंध आहे, यात शंका नाही. परंतु नेदरलँड्समध्ये होमोसिस्टीन (बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात वाढणारे एक द्रव्य) वाढलेल्या सुमारे २,९०० वृद्धांना दोन वर्षे रोज बी-१२ आणि फोलिक आम्ल, म्हणजे फोलेटचे गोळीतले रूप, देऊन पाहिले, तेव्हा नैराश्याच्या लक्षणांत बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नाही. त्या सर्वांना आपल्या आईंइतकी कमतरता नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. पण जीवनसत्त्व दिले की नैराश्य उतरेलच, असे गृहीत धरून बसण्याला तो नक्कीच आधार देत नाही.

तीन महिने थांबून पाहण्याची कल्पना मला आणखी एका कारणाने चुकीची वाटते. बी-१२ दिल्यावर रक्तातील बदल आठवड्याभरात दिसू लागतात, पण नसांना सावरायला सहा महिने ते वर्षही लागते आणि काही इजा कायमही राहते. तीन महिन्यांनी आई तशाच राहिल्या तर भाऊ म्हणतील ‘अजून थोडे थांबू’, आणि थोड्या सुधारल्या तर ती सुधारणा कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. तोवर त्या आणखी काही किलो गमावून बसतील. इंजेक्शने आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट ही दोन्ही याच आठवड्यात व्हावीत. इंजेक्शनांनंतर पुढे रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळीही बहुतेकांना पुरते, कारण मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग जठरातील त्या घटकाविनाच शोषला जातो. एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम आणि दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅमची. मात्र नसांची लक्षणे असताना सुरुवात इंजेक्शननेच करावी. फोलिक आम्लाची गोळी एकटी आधी देऊ नये. रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात आणि नसांचे नुकसान आत चालूच राहते.

वर्षात ५८ चे ५१ म्हणजे बारा टक्के घट झाली. इतकी घट केवळ मनाच्या माथी मारू नये. थायरॉईड, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) यांच्या तपासण्या राहिल्या असतील तर करून घ्या. लोह कमी निघाले तर या वयात पोटातून किंवा आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होतो आहे का, हे शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. मेटफॉर्मिननेही काहींची भूक मरते, त्यामुळे इतके वजन उतरल्यावर मधुमेहाच्या औषधांची फेरतपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. आपण होऊन मात्र काही बंद करू नका. (आई बायोटिन असलेली बहुजीवनसत्त्वाची गोळी घेत असतील तर रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला सांगा, थायरॉईडचे आकडे त्याने चुकीचे येऊ शकतात.)

शेवटी एक अवघड गोष्ट. आई कधी ‘आता जगून काय करायचे’ असे म्हणतात का, हे आठवा, आणि आठवत नसेल तर त्यांना शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला कोणी तरी आहे हे कळून माणूस हलका होतो. उत्तर ‘हो’ आले, किंवा त्यांनी पाणीही नाकारायला सुरुवात केली, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रतिसाद २ (आहारतज्ज्ञ)

डॉक्टरांनी औषधांचे सांगितले; मी ताटाचे सांगते, कारण गोळीने बी-१२ भरून निघेल, पण ५१ किलोंचे ५५ होणार नाहीत.

वृद्धांच्या पोषणाची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. भूक, वजनातली घट, हालचाल, नुकताच झालेला मानसिक आघात किंवा तीव्र आजार, उंचीच्या मानाने वजन, आणि नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश, असे तिचे सहा विषय आहेत. सहापैकी दोन प्रश्न थेट मनाविषयी आहेत, हे मला फार बोलके वाटते. आपण दिलेल्या माहितीवरून आईंचे गुण बरेच खाली येतील.

पहिले काम म्हणजे तोंडात डोकावून पाहणे. जिभेची आग होत असेल, कवळी सैल झाली असेल (वजन उतरले की हिरड्याही आक्रसतात), तोंड कोरडे पडत असेल, तर माणूस ‘भूक नाही’ असेच म्हणतो, कारण ‘चावताना दुखते’ हे सांगण्याचाही त्याला कंटाळा आलेला असतो. वय वाढते तशी वास घेण्याची शक्ती कमी होते आणि अन्न खरोखरच बेचव लागते.

दुसरे, पथ्ये तपासा. मधुमेह म्हणून साखर नाही, रक्तदाब म्हणून मीठ नाही, हृदय म्हणून तूप-तेल नाही, अशी वीस-वीस वर्षांची बंधने घेऊन अनेक वृद्ध जगत असतात आणि वजन झपाट्याने उतरत असतानाही घरचे लोक ती प्रेमापोटी पाळत राहतात. आत्ता या घडीला आईंना धोका कुपोषणाचा अधिक आहे. डॉक्टरांशी बोलून यातली कोणती बंधने सैल करता येतील ते ठरवा.

त्या दोन-चार घासच खात असतील तर त्या घासांत अधिक काय बसवता येईल, याचा विचार करा. वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५१ किलोंना साधारण ५१ ते ६१ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब बदलतो. शाकाहारी व्यक्तीने ती डाळी, दूध, दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांतून दिवसभरात विभागून घ्यावीत, एकाच जेवणात कोंबू नयेत. जेवणाच्या आधी चहा किंवा भरपूर पाणी देऊ नका. छोटे पोट त्यानेच भरते. कित्येकांना सकाळी त्यातल्या त्यात बरी भूक असते, तेव्हा दिवसाचे मुख्य खाणे सकाळकडे सरकवून पाहा.

एक गोष्ट मात्र मला आपल्या प्रश्नात सतत जाणवत राहिली. आईंनी आयुष्यभर स्वयंपाक केला तो कोणासाठी तरी केला असणार. तो माणूस गेला आणि त्यांच्या जेवणाच्या वेळेलाच काही अर्थ उरला नाही. ताट खोलीत नेऊन देणे सोयीचे असते, पण सोबतीने बसले की माणसे जास्त खातात, हा माझा रोजचा अनुभव आहे. दिवसातले निदान एक जेवण कोणी तरी त्यांच्यासोबत बसून, घाई न करता, ‘खा ना’ असा धोशा न लावता घ्यावे.

आणि एक इशारा: कोणी आठवडाभर जवळजवळ काहीच खाल्लेले नसेल तर एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावे लागते.

प्रतिसाद ३ (एक वाचक)

मी डॉक्टर नाही. पण आपल्या भावासारखा विचार मी स्वतः केला होता, म्हणून लिहितो.

माझे वडील ७९ वर्षांचे असताना त्यांचेही बी-१२ कमी निघाले. तो आकडा कागदावर पाहिल्यावर मला जो दिलासा वाटला, तो आज आठवला की वाईट वाटते. ‘अण्णांना काही मानसिक नाही, फक्त जीवनसत्त्व कमी आहे,’ असे मी सर्व नातेवाइकांना फोन करून सांगितले. इंजेक्शने झाली, आकडा ४०० च्या वर गेला, आणि अण्णा मात्र भिंतीकडे तोंड करून झोपूनच राहिले. आम्ही आणखी एक जीवनसत्त्व, आणखी एक टॉनिक असे करत सात महिने घालवले. एके दिवशी ते पडले, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी त्यांना पंधरा साधे प्रश्न विचारले. आयुष्य रिकामे वाटते का, बहुतेक वेळ मन प्रसन्न असते का, असे ते प्रश्न होते. अण्णांनी एकेकाचे उत्तर देताना जे सांगितले ते सात महिन्यांत आम्ही त्यांना कधी विचारलेलेच नव्हते.

उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून वर्तमानपत्र मागितले. ते औषध त्यांना जन्मभर घ्यावे लागले नाही. सुमारे दीड वर्षाने डॉक्टरांनीच मात्रा हळूहळू उतरवून ते बंद केले. आपल्या भावाला दोष देऊ नका. आकडा दिसला की माणूस त्याला धरून ठेवतो, कारण आकडा सुधारता येतो.

प्रतिसाद ४ (दुसरी वाचक)

माझ्या सासूबाईंनाही अशीच उदासी आहे. त्यांना जीवनसत्त्व ड ची एकदम मोठी मात्रा आणि ओमेगा-३ च्या कॅप्सूल सुरू कराव्यात, असे एका परिचितांनी सुचवले. नुकसान तर काही नाही, मग द्यायला काय हरकत आहे?

प्रतिसाद ५ (औषधनिर्माणशास्त्राचा निवृत्त अध्यापक)

‘नुकसान तर काही नाही’ हे गृहीतक तपासून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढील १८,३५३ स्त्री-पुरुषांवर या दोन्हींचा पाच वर्षांहून अधिक काळ अभ्यास झाला. त्यातील काहींना रोज २,००० एकक जीवनसत्त्व ड देण्यात आले. २०२० साली निष्कर्ष आले, तेव्हा नैराश्य टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. ओमेगा-३ चे निष्कर्ष पुढच्या वर्षी आले. तिथेही फायदा आढळला नाही, उलट रोज एक ग्रॅम घेणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका किंचित अधिक दिसला. हे अभ्यास बहुतांशी कमतरता नसलेल्या आणि आधी नैराश्य नसलेल्या माणसांवरचे होते, ही मर्यादा लक्षात ठेवलीच पाहिजे. ज्यांचा आकडा खरोखर कमी आहे त्यांनी हाडे आणि स्नायूंसाठी ड घ्यावेच. मूळ प्रश्नातील आईंचे १४ नॅनोग्रॅम हे कमीच आहे. फक्त ते मनाचे औषध म्हणून घेऊ नये.

एकदम मोठ्या मात्रेविषयी तर अधिक सावध राहावे. वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० एककांची मात्रा देऊन केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. ज्या उपायाने हाडे वाचावीत अशी अपेक्षा होती त्यानेच ती मोडली, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. सत्तरीनंतरची रोजची गरज ८०० एककांची आहे. तिच्या आसपासची, डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा नियमित घेणे अधिक सुरक्षित.

आणि सासूबाईंची रक्ततपासणी झाली आहे का, हे आपण लिहिलेले नाही. झाली नसेल तर कॅप्सूलच्या आधी ती करा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भावाला हे सारे वाचून दाखवले. प्रतिसाद ३ वाचताना तो बराच वेळ गप्प बसला होता. काल आम्ही दोघेही आईसोबत मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. मी तिला ते अवघड वाक्य घरीच विचारले होते. ‘मरावेसे वाटत नाही, पण उठावेसेही वाटत नाही,’ असे ती म्हणाली. तिने इतके मोठे वाक्य कित्येक दिवसांत उच्चारले नव्हते.

डॉक्टरांनी मध्यम स्वरूपाचे नैराश्य असल्याचे सांगून सेरोटोनिन वाढवणारे एक औषध कमी मात्रेत सुरू केले आहे आणि इंजेक्शनेही चालू आहेत. थायरॉईड आणि सोडियम दोन्ही ठीक आले. आता एकच शंका: ती रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही घेते, हे मी आधी लिहायला विसरले होते. कालही सांगायचे राहिले. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १ कडून उत्तर

पडतो, आणि तो मोठा आहे. आजच त्या डॉक्टरांना फोन करून कळवा. या गटातील नैराश्यावरची औषधे आणि थायाझाइड प्रकारची लघवी वाढवणारी गोळी या दोन्हींनी रक्तातील सोडियम उतरू शकते, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्या, कमी वजनाच्या, वृद्ध स्त्रियांमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो. तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. आत्ताचे सोडियम ठीक आले ते औषध सुरू होण्यापूर्वीचे आहे. ते साधारण एक ते दोन आठवड्यांनी आणि नंतर महिन्याने पुन्हा तपासावे लागेल, किंवा डॉक्टर रक्तदाबाची गोळीच बदलतील.

सोडियम उतरले की माणूस सुस्त होतो, मळमळते, डोके दुखते, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. यातली सुस्ती आणि अन्नावरची वासना उडणे ही नैराश्यासारखीच दिसतात, त्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून घरचे लोक थांबून राहतात. आई अचानक अधिक झोपाळू किंवा गोंधळलेल्या वाटल्या तर त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या. वजनाची नोंद दर आठवड्याला, एकाच वारी, सकाळी जेवणाआधी ठेवा आणि ती वही पुढच्या भेटीला सोबत न्या. आई सध्या घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही एका पिशवीत घालून घेऊन जा.